आयझाया टॉमसकृत अमेरिकेंतील मुद्रणाचा इतिहास : एक परीक्षण

ज्यानें स्वतः खिळे जुळविले, यंत्र ओढलें, वृत्तपत्र चालविलें आणि मग त्याच धंद्याचा इतिहास लिहिला, असा ग्रंथकार विरळा. बोस्टन येथें १७४९ त जन्मलेला आयझाया टॉमस हा असा एक होय. त्याचा दोन भागांचा ग्रंथ १८१० सालीं वूस्टर येथें प्रसिद्ध झाला. उत्तर अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींच्या छापखान्यांविषयीं लिहूं पाहणारास आजही त्यापासूनच आरंभ करावा लागतो. म्हणूनच त्यांतील विधानें पारखून घेणें अवश्य आहे.

ग्रंथकाराचें चरित्र थोडक्यांत असें : वयाच्या सातव्या वर्षीं तो झकराया फौल या मुद्रकाकडे उमेदवार म्हणून राहिला. १७७० त त्यानें ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’ हें पत्र काढलें. राजपक्षाचा रोष वाढला, तेव्हां १७७५ च्या एप्रिलांत, लेक्सिंग्टनच्या लढाईपूर्वीं अवघे दोन-तीन दिवस, त्यानें रात्रीं आपलें यंत्र बोस्टनबाहेर काढून वूस्टरला पोंचविलें, आणि ३ मे रोजीं तेथून पहिला अंक काढून त्या लढाईची हकीकत छापली. तें लांकडी यंत्र अद्याप वूस्टर येथें जतन केलेलें आहे. पुढें तो देशांतील मोठ्या प्रकाशकांत गणला गेला.

ग्रंथाचें बळ व दौर्बल्य एकाच ठिकाणीं आहे. टॉमसनें जुनीं दप्तरें धुंडाळलीं खरीं, परंतु आपल्या काळाच्या आसपासच्या गोष्टी तो बहुधा आठवणीनें व ऐकीव माहितीवर सांगतो. याचें ठळक उदाहरण बोस्टनच्या बायबलाचें. १७५२ च्या सुमारास नीलंड व ग्रीन यांनीं हेंचमन या पुस्तकविक्रेत्यासाठीं इंग्रजी बायबल गुप्तपणें छापलें, व राजमुद्रकाचा हक्क मोडल्याचा खटला टळावा म्हणून शीर्षपानावर लंडनच्या मार्क बास्केटचें नांव घातलें, असें तो लिहितो. आधार कोणता? उमेदवारींत असतां त्या कामावरील माणसांच्या तोंडून ऐकलें, आणि गव्हर्नर हॅन्कॉकजवळ एक प्रत होती, हा.

बखरींवर विसंबून फसलेल्या आपल्या वाचकांस येथें थबकावेंसें वाटेल, आणि तें योग्यच आहे. या छपाईची निःसंशय ठरलेली एकही प्रत आजवर हातीं आलेली नाहीं. शिवाय १७५२ त लंडनास राजमुद्रक होता तो टॉमस बास्केट; मार्कचें नांव बायबलांवर येतें तें १७६० नंतर. तथापि तेवढ्यावरून सारी हकीकत खोटी म्हणणेंही घाईचें होईल. घडल्यावर थोड्याच वर्षांत प्रत्यक्ष कामगारांकडून ऐकलेली ही गोष्ट पन्नासांहून अधिक वर्षांनीं कागदावर उतरली. मध्यंतरीं ग्रंथकारानें स्वतः हाताळलेल्या बायबलांवरचें मार्कचें नांव तिला चिकटलें असावें, असा माझा तर्क आहे. तर्क तो तर्कच. प्रत्यक्ष प्रतींनीं सिद्ध होणारें तेथील पहिलें इंग्रजी बायबल रॉबर्ट एटकेन यानें फिलाडेल्फियास १७८२ त छापलेलें, हेंच तूर्त मान्य केलें पाहिजे.

संग्राहक म्हणून मात्र टॉमसला दोष देण्यास जागा नाहीं. १८१२ त त्यानें अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी स्थापिली व आपला ग्रंथसंग्रह तिच्या स्वाधीन केला. १८१३ त बोस्टनच्या एका विक्रेत्याकडून रस्त्यांत विकल्या जाणाऱ्या गाण्यांचे तीनशेंहून अधिक सुटे कागद त्यानें विकत घेतले, तीन खंडांत बांधविले, आणि सामान्य जनांत या वेळीं काय चालतें हें दिसावें म्हणून ते राखीत असल्याचें वर लिहून ठेविलें. आपल्याकडील जत्रांतून विकलीं गेलेलीं लावण्या-पोवाड्यांचीं चोपडीं कोणीं अशीं बांधून ठेविलीं असतीं तर!

टॉमस १८३१ त वारला. १८७४ त त्याच संस्थेनें ग्रंथाची दुसरी आवृत्ति काढली. तींत ग्रंथकारानें मागें ठेविलेल्या दुरुस्त्या व पुरवण्या घेतल्या असून १७७६ पूर्वींच्या प्रकाशनांची सूचि जोडली आहे. अभ्यासकानें तीच वापरावी. बोस्टनच्या बायबलाची हकीकत तींतही कायम आहे.