६८ टक्के, पण कशाचे?

'सरकारी अहवाल म्हणजे प्राथमिक स्रोत' हे वाक्य पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेसाठी आपण सगळेच पाठ करतो. पण तो तपासायचा कसा? आज एकच अहवाल घेऊ: संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा, मार्च २०१८ चा. विषय दिल्लीचा वाटेल, पण मनीषनगरात बसून तसं म्हणता येत नाही. अंबाझरीचा आयुध कारखाना आपल्याच शहरात आहे आणि पुलगावच्या दारूगोळा भांडाराची मे २०१६ ची आग विदर्भात कोणी विसरलेलं नाही.

समितीसमोर लष्कराचे तेव्हाचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी सांगितलं, की ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के चालू काळातली आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक आहे. खरं तर तिन्ही गट साधारण एकेक तृतीयांश हवेत. हा आकडा सगळीकडे छापून आला. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, मला आधी छेद दिसतो. ६८ टक्के कशाचे? नगांचे की किमतीचे? रायफल आणि रणगाडा दोन्ही 'एक'च मोजले का? त्या वाक्यातून ते कळत नाही, म्हणून प्रबंधात तो आकडा जपून वापरा.

मला त्याच साक्षीतला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी, तर आधीच चालू असलेल्या १२५ योजनांची देणीच २९,०३३ कोटींची. म्हणजे नवीन काही घेण्याआधीच ७,६९५ कोटी कमी! इथे व्याख्येचा घोळ नाही, साधी वजाबाकी आहे. ही माहिती छापून लोकांसमोर आणली, हे समितीचं खरं काम.

पण १४ मार्चला लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या गिलोटिन लावून चर्चेविना मंजूर केल्या. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतातच. सप्टेंबरमध्ये अध्यक्ष बी. सी. खंडुरी यांच्या जागी कलराज मिश्र आले. बरेच जण दोन्हींचा संबंध जोडतात, पण एकामागून एक घडलं म्हणजे कार्यकारण होत नाही, हे आपण तरी विसरू नये.

आणि हे झालं संरक्षणाचं. आयबी आणि रॉ यांच्या कामावर देखरेख ठेवणारी संसदीय समिती आपल्याकडे नाहीच. त्यामुळे तिथे टीका करायलाही अहवाल नाही.

मूळ अहवाल वाचून झाला की त्याचा कृती अहवाल शोधा. शिफारस, सरकारचं उत्तर आणि समितीचा शेरा त्यात एकाखाली एक असतात. मी शेऱ्यापासून वाचायला सुरुवात करते.