चार पट्ट्यांचा रेमो

आमच्या पेडण्यातल्या मराठी घरांत रेमो फर्नांडिसचा आवाज शिरला तो १९९५ साली, ‘बॉम्बे’ चित्रपटातल्या ‘हम्मा हम्मा’बरोबर. मी तेव्हा नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. स्नेहसंमेलनात त्या गाण्यावर कोणी नाचायचे यावरून तीन वर्गांत भांडण झाले. हा गायक चोपड्याहून फेरीबोटीने पलीकडे गेले की शिवोलीत भेटेल, असे सांगितले तर मुलांना खरे वाटेना. त्यांना काय दोष द्यावा? त्यांच्या मास्तरालाही त्याची पहिली कॅसेट दहा वर्षे उशिरा, तीही एका ख्रिस्ती शेजाऱ्याकडून उसनी मिळाली होती. इंग्रजी गाणी म्हणजे ‘त्यांची’, अशी आमच्याकडे वाटणी झालेली.

ती कॅसेट ‘गोअन क्रेझी’, १९८४ची. मुंबईला जे. जे.मध्ये वास्तुकला शिकलेला, युरोप नि उत्तर आफ्रिका भटकून आलेला हा गिटारवादक. शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट-यंत्रावर तो एकटाच सगळी वाद्ये वाजवी, सगळे आवाज गाई, वेष्टनाचे चित्रही स्वतः काढी आणि पिवळ्या स्कूटरवरून गावोगाव कॅसेट विकी.

त्या यंत्राविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते रेमोचे मर्म तिथे आहे. कॅसेटच्या अरुंद फितीवर चार पट्ट्या. तीन भरल्या की त्या एकत्र करून चौथीवर उतरवायच्या, म्हणजे पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या. पण एकदा मिसळलेली गिटार नि ताल पुन्हा वेगळे करता येत नाहीत, आणि प्रत्येक उतरवणीला फितीची खरखर वाढते. तेव्हा काय ठेवायचे, काय गाळायचे, हे आधीच ठरवावे लागते. आपल्या दशावतारात पेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर रात्र उभी राहते, तशातला हा प्रकार. त्या कॅसेटमध्ये गिटार थांबली की बासरीला जागा मिळते. उगाच कोणी वाजत नाही.

पुढे मुंबईने बोलावले. ‘त्रिकाल’ (१९८५), ‘जलवा’ (१९८७), मग जुही चावलाबरोबर पेप्सीची जाहिरात. रेमो विकला गेला, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. मला ते पटत नाही. स्कूटरवर कॅसेट घेऊन हिंडणारा माणूस पहिल्या दिवसापासून विक्रेता होताच! आणि १९८६ मध्ये ‘पॅक दॅट स्मॅक’मधून मादक द्रव्यांवर तुटून पडणाऱ्याने जाहिरातीनंतर, १९९२ साली, ‘पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल’ काढून पुढाऱ्यांनाही सोडले नाही. पैशाने त्याची जीभ बोथट झाली नव्हती.

बिघडले ते निराळ्या जागी. ‘हम्मा’ची चाल रहमानची, वाद्यमेळ रहमानचा. ‘प्यार तो होना ही था’ (१९९८) जतिन-ललितचे. रेमोकडून घेतला तो गळा. गळा झकास आहे, माझी तक्रार नाही. पण काय गाळायचे हे आता दुसरा कोणी ठरवीत होता. त्याच वर्षीच्या ‘ओ मेरी मुन्नी’त त्याने स्वतःच्या बळावर हिंदीत पाऊल टाकले. तरी ‘गोअन क्रेझी’तला, गोंयकारांना प्रेमाने चिमटे काढणारा मिस्कील शेजारी मला त्यात भेटला नाही. २००७ साली त्याला पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत नाव निघाले तेही ‘हम्मा’वाला म्हणूनच.

गेल्या वर्षी एका मोकळ्या तासाला मी दहावीच्या वर्गात ‘गोअन क्रेझी’तले एक गाणे लावले. शब्द कोणी फारसे धरले नाहीत. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, मागे ही खरखर कसली?”

मी फळ्यावर चार रेघा ओढल्या.