‘देवराई’ आणि मावळातली बहीण

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली आला. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने तो निघाला. अंगात आले, करणी झाली, असे म्हणणाऱ्या समाजाला त्याने स्किझोफ्रेनिया हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि घरच्यांनी साथ दिली तर माणूस सावरतो, हे सांगितले. त्याचे हे मोल मी मान्य करतो. अतुल कुलकर्णीने शेष उभा केला आहे. सोनाली कुलकर्णीने केलेली त्याची बहीण त्याला आपल्या घरी आणते.

माझा प्रश्न या घराविषयी आहे. हे घर पांढरपेशांचे आहे. तिथे आजारी भावासाठी जागा आहे, डॉक्टर गाठता येतो. आमच्या मावळातल्या वस्तीतली बहीण पहाटे लोणावळ्याच्या बंगल्यांवर धुणीभांडी करायला निघते. त्याच लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे. मनःशांतीसाठी लोक दुरून येतात. हिला मात्र भावाला येरवड्याच्या इस्पितळात न्यायचे तर आधी लोकल, मग बस, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. घरात एकच खोली. शेवटी ती देवऋषी गाठते किंवा भावाला बांधून कामावर जाते. तिला अडाणी ठरवणे सोपे आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडाला बंदी केली. कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा पुरवणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले. आपला प्रतिनिधी कोण, हे निवडण्याचा हक्कही रुग्णाला दिला. चित्रपट त्याआधीचा, म्हणून त्याला दोष नाही. पण आज तो वस्तीत दाखवून कुटुंबांना माया शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे हक्कही सांगितले पाहिजेत.

कार्ले, भाजे, बेडसे ही बौद्ध लेणी याच मावळात आहेत. बौद्ध परंपरेतली पटाचारा नवरा, मुले, आईबाप गमावून वेडी झाली. लोकांनी तिला हाकलले. तिला सांभाळायला कुटुंबच उरले नव्हते. बुद्धाने तिला जवळ येऊ दिले, संघात ती सावरली आणि पुढे इतर दुःखी स्त्रियांचा आधार झाली. आमच्या विहारांनी हे काम अंगावर घ्यावे. इस्पितळात सोबत जायला पाळ्या लावाव्यात, बरा होत असलेल्याला झेपेल ते काम द्यावे आणि त्याची मजुरी त्याच्याच हातात ठेवावी. सारा भार एकट्या बहिणीवर टाकून कोणी स्वतंत्र होत नाही. दलित लेखकांनी आता या बहिणीचे लिहावे.