यांगच्या खांद्यामागे

अमेरिकेच्या रेफर जॉन्सनची सारी कारकीर्द मला एका शर्यतीत वाचायला आवडते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधली, डेकॅथलॉनची शेवटची, दीड हजार मीटरची धाव. ती त्याने जिंकली नव्हती.

समोर होता तैवानचा यांग चुआन-क्वांग. दोघे लॉस एंजेलिसच्या एकाच विद्यापीठात, डकी ड्रेक या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली घडलेले, जिवलग मित्र. दोन दिवसांच्या दहा प्रकारांपैकी सात प्रकारांत यांग जॉन्सनच्या पुढे राहिला. जॉन्सनच्या वाट्याला आल्या फक्त तीन फेकी: गोळा, थाळी आणि भाला. पण डेकॅथलॉनमध्ये नुसता क्रमांक पुरत नाही, किती फरकाने हेही मोजतात. गोळाफेकीत जॉन्सन १५.८२ मीटर, यांग १३.३३. त्या अडीच मीटरांची पुंजी जॉन्सनला शेवटपर्यंत पुरवायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अडथळ्यांच्या शर्यतीत पहिल्याच अडथळ्याला त्याचा पाय लागला, आघाडी गेली; थाळीने ती परत आणली.

शेवटच्या शर्यतीआधी तो ६७ गुणांनी पुढे होता. सुवर्णासाठी यांगला त्याला सुमारे दहा सेकंदांनी मागे टाकायचे होते, आणि यांगची सर्वोत्तम वेळ जॉन्सनच्या वेळेपेक्षा अठरा सेकंदांनी सरस होती! ड्रेक यांनी दोन्ही शिष्यांना मनापासून सल्ला दिला. यांगला म्हणाले, लांब पळ. जॉन्सनला म्हणाले, त्याला सोडू नकोस. गुरूचा असा निखळपणा मी खेळाच्या इतिहासात फार कमी पाहिला आहे.

रात्र झालेली, मैदानावर दिव्यांचा उजेड. जॉन्सनचा देह फेकीसाठी घडलेला, भरदार. लांब धावेत तोच देह ओझे होतो. तरी तो यांगच्या खांद्यामागे चिकटून राहतो. यांग मागे वळून पाहतो, वेग वाढवतो, पुन्हा पाहतो, मागे तोच. पुढे जायची जॉन्सनला घाई नाही. अंतर वाढू द्यायचे नाही, एवढीच त्याची कला, आणि ती त्याने जवळपास पाच मिनिटे श्वासाश्वासाने सांभाळली. यांग ४:४८.५, जॉन्सन ४:४९.७. आपल्या सर्वांत कच्च्या प्रकारात, अंगात त्राण नसताना, त्याने आयुष्यातली सर्वोत्तम वेळ दिली. बेरीज ८,३९२ विरुद्ध ८,३३४.

या चिवटपणाची मुळे मागे शोधावी लागतात. टेक्सासमधला जन्म, कॅलिफोर्नियातल्या किंग्जबर्गमध्ये काही काळ रेल्वेच्या डब्यात काढलेले दिवस. १९५६ ला मेलबर्नमध्ये दुखापतीनिशी रौप्य. १९५८ ला मॉस्कोत, सोव्हिएत प्रतिस्पर्धी कुझ्नेत्सोव्हच्या घरच्या मैदानावर विश्वविक्रम. १९५९ ला मोटार अपघातात जायबंदी झालेली पाठ. तीच पाठ घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा विश्वविक्रम, आणि रोमच्या उद्घाटनात अमेरिकेचा ध्वज हाती. हा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिक ज्योत पेटवायला तो उंच पायऱ्या चढला, तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता.

मला मात्र परत परत रोमचे ते छायाचित्र बघावेसे वाटते. शर्यत संपली आहे. दोघांनाही उभे राहणे जड जाते आहे. जॉन्सनने आपले डोके यांगच्या खांद्यावर टेकवले आहे, मघापासून ज्याच्या मागे तो धावत होता त्याच खांद्यावर. त्यानंतर जॉन्सन पुन्हा डेकॅथलॉन खेळला नाही.