ओतलेला मोरपंखी

वहिनीने केलेला रेझिनचा ट्रे गेले चार महिने माझ्या टेबलावर आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हा निळा की हिरवा?" मी उत्तर देत नाही, ट्रे जरा कलता करून दाखवतो.

पैठणीतला मोरपंखी आपल्या ओळखीचा. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. पदर हलला की कधी हा वर येतो, कधी तो. धूपछाव ती हीच. खुद्द मोराच्या पिसात तर निळं-हिरवं रंगद्रव्यच नसतं. काळपट मेलॅनिन असतं आणि त्याच्या अतिसूक्ष्म रचनेवरून परतणारा उजेड. मग हा रंग एका तयार बाटलीतून निघावा कसा? वहिनीने ती बाटली घेतली नाही, इथेच निम्मं काम झालं.

तिने पारदर्शक थॅलो निळा घेतला, त्यात पिवळ्याचा एखादाच थेंब. पांढरा अजिबात नाही. पांढरा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड; तो पडला की खोली जाते आणि हाती राहतं भिंतीचं डिस्टेंपर. थॅलो मोठा खट. दोन थेंबांत कप काळाकुट्ट दिसतो आणि माणूस घाबरून भलतंच काही घालत सुटतो. म्हणून रंग कपात बघायचा नाही. आइस्क्रीमच्या काडीने पांढऱ्या कागदावर पातळ ओढून बघायचा. ट्रे पाहताना हे पटतं. कडेला थर जेमतेम तीन मिलिमीटरचा, तिथे शेवाळी पाणी. मध्ये जाडी वाढते तशी विहीर खोल होत जाते. रंग एकच, मिश्रण एकच.

खरी धूपछाव अभ्रकाच्या पुडीची. या चपट्या कणांवर ऑक्साइडचा पातळ लेप असतो आणि त्याच्या जाडीवर चमक कोणती ते ठरतं. वहिनीने जांभळी चमक निवडली. पूड रेझिनपेक्षा जड, घाईने ओतली तर तळाशी बसते; म्हणून मिश्रण मधासारखं होईपर्यंत ती थांबली. ओघाबरोबर कण आडवे झाले आणि तिचा मनगटाचा फिरका तसाच गोठला. डावीकडून सुरू होऊन मध्येच वळलेली ती जांभळी रेघ मला सबंध ट्रेमध्ये सर्वांत आवडते. ब्रशला ती जमली नसती.

उजव्या कोपऱ्यात मात्र एक सुरकुती आहे. दुसरा कप तोवर गरम होऊन घट्ट होऊ लागला होता. दोन्ही कपांतलं रेझिन शेजारी बसलं, मिसळलं नाही. आणि सोनेरी काठ? तो नसता तर बरं झालं असतं. पैठणीला काठ लागतो, पिसाला नाही.

ट्रे बघायला जरूर या. फक्त चहाचा वाफाळता कप त्यावर टेकवू नका. उष्णतेने रेझिन मऊ पडतं आणि कपाचं वर्तुळ कायमचं उमटतं.