पाचव्या भागापर्यंत झाकलेली चूक

जँगो या ओपन सोर्स वेब फ्रेमवर्कचं अधिकृत ट्युटोरिअल बहुतेक जण काम उरकण्यासाठी वाचतात. मला ते शिकवण्याच्या कलेचा उत्तम नमुना वाटतं, आणि त्याचं कारण त्यात जाणूनबुजून राहू दिलेली एक चूक आहे.

नवख्याकडून करवून घ्यायचं काम साधं आहे: मतचाचणीचं छोटं संकेतस्थळ. लोकांनी प्रश्न वाचायचा, पर्याय निवडायचा. या निवडीत जँगोचं कुळ दिसतं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये त्याची सुरुवात केली. २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. वर्तमानपत्राच्या कचेरीत मजकूर टाकणारा प्रोग्रामर नसतो, संपादक असतो. म्हणूनच दुसऱ्याच भागात विद्यार्थ्यासमोर आयतं अ‍ॅडमिन पान उभं राहतं आणि आपण कुणासाठी लिहितो आहोत, हे त्याला न सांगता कळतं.

त्याच भागात विद्यार्थी एक इवलंसं फंक्शन लिहितो: हा प्रश्न नुकताच प्रसिद्ध झाला आहे का? प्रसिद्धीची वेळ कालच्या या वेळेनंतरची असेल तर ‘हो’. वाचताना सगळं ठीक वाटतं. मग तिसरा भाग जातो, चौथा जातो. पानं दिसू लागतात, मतं पडू लागतात. पाचव्या भागात शिक्षक शांतपणे सांगतो, की त्या फंक्शनमध्ये बग आहे. महिन्याभराने प्रसिद्ध व्हायच्या प्रश्नालाही ते ‘नुकताच प्रसिद्ध झाला’ म्हणतं!

इथे घाई केली असती तर सगळा रस गेला असता. शिक्षक चूक लगेच दुरुस्त करू देत नाही. आधी टेस्ट लिहायला लावतो: तीस दिवस पुढची तारीख दे, उत्तर ‘नाही’ यायला हवं. टेस्ट चालवली की ती नापास होते, आणि ते नापास होणं नीट वाचायला लावलं जातं. त्यानंतरच तुलनेला वरची मर्यादा येते. पुढे आणखी खोल: यादीतून भविष्यातले प्रश्न काढले, तरी पत्त्याचा अंदाज बांधून कुणी थेट त्या पानावर पोचेल, म्हणून तेही दार बंद करायचं. टेस्ट का लिहायच्या यावरची व्याख्यानं कोरडी असतात. इथे बग स्वतःच्या हाताने टाइप केलेला आहे, म्हणून तो मनाला लागतो.

उणीव आधी जाणवू द्यायची आणि मग साधन हाती द्यायचं, ही रीत सगळीकडे आहे. शेलमध्ये प्रश्न मागितला तर ‘क्वेश्चन ऑब्जेक्ट’ एवढंच निरर्थक उत्तर येतं. मग ते वाचनीय करायची पद्धत शिकवली जाते. व्ह्यू आधी हाताने लिहायचे, मग आयते जेनेरिक व्ह्यू वापरून तोच कोड आटोपशीर करायचा.

एक गोष्ट मात्र मला खटकते. दोघांनी एकाच क्षणी मत दिलं तर एक हरवू नये, म्हणून सध्याच्या आवृत्तीत बेरीज थेट डेटाबेसमध्ये करायला शिकवलं आहे. इतकी काळजी घेणारा पाठ एकाच माणसाने पन्नासदा मत दिलं तर काय, हा प्रश्न मात्र उघडत नाही. वाचकांसाठी लॉगिन त्यात नाही. मतचाचणी शिकवताना निदान तो प्रश्न तरी विचारायला हवा होता.

नवख्यांना हा पाठ शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: दुसऱ्या भागात कुणी ती चूक हेरली तर त्याला बाजूला घेऊन शाबासकी द्या, पण वर्गाला सांगू नका. आणि वेळ अपुरा पडला, तर दुसरं काहीही गाळा, पाचवा भाग गाळू नका.