आधीच्या उत्तराचं ऐकणारा प्रश्न

'महाभूलेख' या संकेतस्थळावर सातबारा पाहायचा तर आधी विभाग निवडायचा, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि शेवटी गट नंबर. पीककर्ज असो, पीकविमा असो की भावाभावांची वाटणी, नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याला या चौकटी ओलांडूनच पुढे जावं लागतं. त्या इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की त्यांच्या मांडणीकडे कोणी थांबून पाहत नाही. मला मात्र ही मांडणी ओळीओळीने वाचण्याजोगी वाटते. रिपोर्टिंग सॉफ्टवेअरवाले अशा चौकटींना 'डिपेंडंट पॅरामीटर' म्हणतात. खालची चौकट काय दाखवणार, हे वरच्या चौकटीतल्या उत्तरावर ठरतं.

पहिली निवड सहा महसूल विभागांतून करायची. छत्रपती संभाजीनगर विभाग घेतला की राज्यातले बाकीचे जिल्हे बाजूला होतात आणि मराठवाड्याचे आठच उरतात. नांदेड म्हटलं की सोळा तालुके समोर येतात, लातूर म्हटलं की दहा. राज्यात साडेतीनशेच्या वर तालुके आहेत, पण माणसापुढे येतात ते फक्त त्याच्या कामाचे. या रचनेचा पहिला गुण हाच. जे उत्तर संभवतच नाही, ते ती पर्याय म्हणून पुढे करत नाही.

दुसरा गुण गावांच्या यादीत दिसतो. शिरूरच घ्या. अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद आहे. त्याच लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ हा स्वतंत्र तालुका आहे. बीडमध्ये शिरूर कासार, तर पुणे जिल्ह्यात नुसतं शिरूर. आपल्याकडे कुणी शिरूरचा म्हणाला की पुढचा प्रश्न ठरलेला: "कोणतं शिरूर?" राज्यातली सगळी गावं एकाच यादीत ओतली असती, तर हा प्रश्न पडद्यापुढे बसलेल्या माणसाला स्वतःच सोडवावा लागला असता. अहमदपूर आधी निवडलं की बाकीची शिरूरं यादीत येतच नाहीत.

शेवटची पायरी सगळ्यांत सुंदर आहे. गट नंबर टंकून 'शोधा' दाबलं की त्या गटाचे हिस्से यादीत उतरतात आणि त्यातून आपला निवडायचा. गट नंबर बारा गावोगावी असतो. त्या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. वरच्या चार उत्तरांनी त्याला जमीन दिली, म्हणून तो एका कुटुंबाचा झाला.

ही मांडणी आतून कशी उभी राहते, तेही पाहण्यासारखं आहे. प्रत्येक चौकटीमागे स्वतःची क्वेरी, म्हणजे माहितीसाठ्याला विचारलेला प्रश्न, असते. तालुक्यांच्या क्वेरीत अट घालतात: निवडलेल्या जिल्ह्याचे तेवढेच आण. गावांच्या क्वेरीत तालुक्याची अट. मायक्रोसॉफ्टच्या एसएसआरएससारख्या रिपोर्ट बनवण्याच्या साधनात पॅरामीटरचा क्रमही महत्त्वाचा असतो. जिल्हा यादीत तालुक्याच्या खाली गेला, तर रिपोर्ट चालतच नाही. आणि माणसाला दाखवायचं नाव, क्वेरीला द्यायचा संकेतांक. 2011च्या जनगणनेत नांदेडचा संकेतांक 511 आणि लातूरचा 524. ही काळजी का घ्यायची, हे शेजारीच दिसलं. उस्मानाबादचं धाराशिव झालं. संकेतांकावर बांधलेल्या रिपोर्टमध्ये यादीतलं एक नाव बदललं की काम झालं. नावावर बांधलेल्या रिपोर्टमध्ये मात्र जुनं नाव शोधत प्रत्येक क्वेरी उघडावी लागते.

चांगला कारागीर आणखी एक गोष्ट सांभाळतो. कुणी नांदेड, मुदखेड निवडलं आणि मग जिल्हा बदलून लातूर केला, तर तालुक्याची चौकट लगेच रिकामी झाली पाहिजे. लातूरखाली मुदखेड तसंच राहिलं तर रिपोर्ट कोरा येतो. पाहणाऱ्याला वाटतं, नोंदच नाही. प्रत्यक्षात नोंद असते, चुकलेला असतो प्रश्न. कोऱ्या रिपोर्टवर विश्वास ठेवून माणूस तहसीलची पायरी उतरतो, म्हणून ही बारीक गोष्ट मला मोठी वाटते.

मराठवाड्यात काम करणाऱ्याने या मांडणीत एक चौकट वाढवावी, आणि तीही सगळ्यांत वर: वर्षाची. लातूर जिल्हा 15 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादमधून वेगळा झाला. हिंगोली 1 मे 1999 रोजी परभणीतून. माहूर पूर्वी किनवट तालुक्यात होतं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा औसा तालुक्यातल्या किल्लारीबरोबर सास्तूरही उद्ध्वस्त झालं. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं, आज ते लोहारा तालुक्यात आहे. त्या वर्षीचा अहवाल काढताना यादीत लोहारा तालुका दिसला, तर आजची हद्द कालच्या माणसांवर लादली जाते आणि 1993ची उमरग्याची बेरीजही चुकते. वर्ष वर ठेवलं, जिल्ह्यांची यादी वर्षावर आणि तालुक्यांची यादी वर्ष व जिल्हा दोन्हींवर, गावांची वर्ष व तालुका दोन्हींवर अवलंबून ठेवली, की प्रत्येक काळाला त्याचाच नकाशा मिळतो. त्यासाठी जिल्हे, तालुके आणि गावं यांच्या तक्त्यांत प्रत्येकी 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन रकाने पुरतात.

हे दोन रकाने घालायचं सुचतं ते ज्याला आपल्या जिल्ह्याचा इतिहास ठाऊक आहे त्यालाच. क्वेरी लिहिता येणारे पुष्कळ मिळतात. गावाची हद्द केव्हा हलली, कोणतं शिरूर कोणाचं, हे माहीत असणारा माणूस शेजारी बसवून केलेले पॅरामीटर मात्र वर्षानुवर्षं खरं उत्तर देतात. नांदेड-लातूरच्या प्रत्येक कार्यालयात असे दोघे एका टेबलाशी बसावेत.